दोन ते चारचं कुपन आणि काउंटरवरचं घड्याळ

चार वाजून दोन मिनिटं झाली होती. काउंटरपुढे एक आजी उभ्या होत्या, हातात आमचंच छापील कुपन: 'दुपारी २ ते ४, वह्या आणि रंगसाहित्यावर १० टक्के सूट'. त्या रांगेत लागल्या तेव्हा पावणेचारही वाजले नव्हते, हे मी स्वतः पाहिलं होतं. त्यांचं बिलही वेळेत सुरू झालं. मध्येच नातवासाठी घेतलेली चित्रकलेची वही भलत्याच आकाराची निघाली. ती बदलून आणायला त्या आत गेल्या, म्हणून काउंटरवरच्या मुलीने बिल होल्डवर टाकलं आणि मागच्या गिऱ्हाइकाला पुढे घेतलं. आजी परत आल्या, बिल रिकॉल केलं, आणि मघाशी पडद्यावर दिसत असलेली सूट गायब. त्या जागी लाल पट्टी: कुपनची मुदत संपली आहे.

आजी भांडल्या नाहीत. "अगं, मघाशी तर लागलं होतं ना?" एवढंच म्हणाल्या. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी माझा पिन टाकून तेवढी सूट हाताने दिली आणि आजींना वाटेला लावलं. पण रात्री क्लोजिंग करताना ती रक्कम कुपनांच्या रकान्यात आली नाही. ती 'मॅन्युअल सूट' म्हणून त्या मुलीच्या नावासमोर आली. "ताई, ही माझ्या नावावर का दिसतेय?" तिने विचारलं. वेळेत आलेल्या गिऱ्हाइकाला ऐकून घ्यावं लागलं आणि नीट काम करणाऱ्या मुलीला खुलासा द्यावा लागला. दोघींचीही काही चूक नव्हती. मला हे फार लागलं.

त्या रात्री ठरवलं, वेळेची कुपनं या प्रणालीत नेमकी कशी चालतात ते मुळापासून समजून घ्यायचं. आता ही बिलिंग प्रणाली वापरायला लागून अकरा महिने झालेत. वह्या, रंग, ऑफिसला लागणारं सामान असं आमचं दुकान. तीन काउंटर, आणि मागच्या खोलीत एक संगणक, ज्यावरून आम्ही माल, भाव आणि सवलती भरतो. सगळी माहिती इंटरनेटवरच्या सर्व्हरवर राहते आणि तिची प्रत प्रत्येक काउंटरवर उतरते. कंपनीचं नाव लिहीत नाही. तक्रारी माझ्या दुकानातल्या अनुभवाच्या आहेत, आणि इथे सांगितलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट कुठलीही प्रणाली घेताना विचारून घ्यावी अशीच आहे.

आधी आवडलेलं सांगते, कारण ते खरोखरच चांगलं आहे. आमच्या जुन्या प्रणालीत सवलतीला 'पासून' आणि 'पर्यंत' अशा दोन तारखा टाकता यायच्या, बस. रोज दुपारी दोन तास सूट द्यायची तर दोन वाजता कुणीतरी ती चालू करायची आणि चार वाजता आठवणीने बंद करायची. माझा भाऊ मोबाइलवर गजर लावून हे करायचा. एके दिवशी तो माल आणायला गेला होता, गजर त्याच्या खिशात वाजला आणि इकडे सूट रात्रीपर्यंत चालू राहिली. नव्या प्रणालीत आठवड्याचा एक तक्ता समोर येतो. आडवे सात वार, उभे चोवीस तास, प्रत्येक तासाचे चार रकाने. हवी ती वेळ बोट फिरवून रंगवायची. कुपनची एकूण मुदत वेगळी, रोजचे तास वेगळे आणि वगळायचे दिवस वेगळे. हे तीन थर एकमेकांत न मिसळता ठेवले आहेत, आणि ज्याने कुणी ही रचना केली त्याने दुकानात चार दिवस तरी नक्की काढले असतील. तक्त्याखाली पुढच्या तीस दिवसांचं कॅलेंडर दिसतं: हे कुपन अमुक तारखेला इतक्या वाजता सुरू होईल, इतक्याला बंद होईल. भावाने पहिलं कुपन दहा मिनिटांत बनवलं, कुणालाही न विचारता. किमान बिल किती, जास्तीत जास्त सूट किती, कोणत्या मालावर, एका गिऱ्हाइकाला किती वेळा, हे सगळं त्याच पानावर आहे आणि त्यात अडण्यासारखं काही नाही.

अडलं ते पहिल्याच महिन्याच्या अखेरीला. एका कुपनची शेवटची तारीख ३१ टाकली होती. ३१ तारखेला सकाळी दुकान उघडलं आणि पहिल्याच गिऱ्हाइकाला कुपन लागेना. भावाला वाटलं कोड चुकला, त्याने तीनदा टाकून पाहिला. कारण साधं होतं. आपण 'मुदत ३१ पर्यंत' म्हणतो तेव्हा ३१ चा पूर्ण दिवस धरतो. मशीनकडे तारखेबरोबर वेळ दिली नाही तर ते ३१ ला ०० वाजून ०० मिनिटं असं धरतं, म्हणजे ३० ची मध्यरात्र उलटता क्षणीच कुपन संपलेलं. छापील कुपनावर ३१ आणि मशीनमध्ये जेमतेम ३०. बऱ्याच प्रणालींतला हा जुना रोग आहे.

यावर काही जण शेवटची वेळ २३:५९ टाकतात. आम्हीही टाकली. मग एका मोठ्या सवलतीच्या वेळी आम्ही मध्यरात्रीपर्यंत दुकान उघडं ठेवलं होतं, तेव्हा ते शेवटचं मिनिट उघडं पडलं. २३:५९ वाजून काही सेकंदांनी मारलेल्या बिलावर पहिलं कुपन संपलेलं आणि दुसरं अजून सुरू न झालेलं. शास्त्रशुद्ध पद्धत अशी, की सुरुवातीचा क्षण मुदतीत धरायचा आणि शेवटचा क्षण धरायचा नाही. ३१ चा पूर्ण दिवस हवा असेल तर पुढच्या महिन्याच्या १ तारखेचे ०० वाजले की कुपन संपेल असं लिहायचं. मग एका कुपनचा शेवट आणि पुढच्याची सुरुवात एकाच बिंदूवर येते. मध्ये फट राहत नाही आणि एकावर एक चढतही नाही. मी हे मदतकक्षाला लिहून पाठवलं. दोन अपडेट आल्यानंतर तारखेच्या चौकटीखाली बारीक अक्षरांत एक ओळ आली, 'हा दिवस धरून'. आता तारीख टाकली की संपूर्ण दिवस धरला जातो. या सुधारणेचे पूर्ण गुण देते.

आता घड्याळाकडे येते. वेळेच्या कुपनात टक्केवारीपेक्षा घड्याळ महत्त्वाचं, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बराच त्रास वाचला असता. दुकानात एका वेळी तीन घड्याळं चालू असतात: सर्व्हरचं, काउंटरवरच्या मशीनचं आणि गिऱ्हाइकाच्या हातातल्या मोबाइलचं. गिऱ्हाईक तिसऱ्यावर विश्वास ठेवतं. कुपन तपासलं जातं पहिल्या किंवा दुसऱ्यावर.

सर्व्हर बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर वेळ साठवतात, आणि तसंच असायला हवं. प्रश्न येतो ती वेळ दुकानाच्या वेळेत बदलताना. खातं उघडताना वेळेचा विभाग निवडायची एक चौकट असते आणि घाईत ती तशीच सोडून दिली जाते. आम्हीही सोडली. त्यामुळे सुरुवातीचे दोन दिवस दुपारचं कुपन भलत्याच वेळी चालू होत होतं, आणि गंमत म्हणजे पावतीवर वेळ बरोबर छापली जात होती, कारण पावती काउंटरच्या मशीनची वेळ घेत होती. पावती बरोबर आणि कुपन चूक, हे पाहिलं की माणूस कुपनमध्ये चूक शोधत बसतो आणि खातं तपासत नाही. ज्या देशांत उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे-मागे करतात तिथे आणखी एक पेच. वसंतात एका रात्री एक तास अस्तित्वातच नसतो आणि शरद ऋतूत एका रात्री एक तास दोनदा येतो. रात्रभर उघड्या असणाऱ्या दुकानांनी तिथे कुपन लावताना त्या दोन रात्री वेगळ्या तपासाव्यात.

दुसरं घड्याळ म्हणजे काउंटरच्या मशीनमधलं. त्यात मनगटी घड्याळासारखाच क्वार्ट्झचा स्फटिक असतो, सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा. दहा लाखांत २० भाग एवढी चूक अशा स्फटिकात सर्रास असते. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले तर ती रोजची पावणेदोन सेकंद होते, म्हणजे पाच आठवड्यांत मिनिटभर. म्हणून मशीनने अधूनमधून इंटरनेटवरून वेळ जुळवून घ्यायची असते. त्यासाठीची एनटीपी नावाची पद्धत १९८५ पासून आहे आणि बहुतेक मशीनमध्ये ती आपोआप चालू असते. आमच्या तिसऱ्या काउंटरवर ती बंद होती. शिवाय त्या मशीनच्या बोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी, सीआर २०३२, उतरली होती. रात्री मुख्य बटण बंद केलं की मशीन वेळ विसरायचं आणि सकाळी कुठल्या तरी जुन्या तारखेपासून मोजायला लागायचं. इंटरनेट चालू असेपर्यंत कुपन सर्व्हरवर तपासलं जाई, त्यामुळे कळलं नाही. एका सकाळी इंटरनेट गेलं आणि एक आणि दोन नंबरच्या काउंटरवर सूट मिळतेय, तीनवर नाही, अशी अवस्था झाली. रांगेतली माणसं आपापसात बोलायला लागली. एकाच दुकानात शेजारच्याला मिळालेली सूट आपल्याला नाकारली, तर गिऱ्हाईक मशीनला दोष देत नाही, दुकानदाराच्या नियतीवर शंका घेतं. बॅटरी बदलणं पाच मिनिटांचं काम होतं. प्रणालीने मात्र 'या काउंटरचं घड्याळ सर्व्हरपेक्षा एवढं मागे आहे' असा इशारा द्यायला हवा होता. तसा इशारा आजही नाही. हा मी मोठा दोष मानते.

आता आजींच्या बिलाकडे परत येते, कारण सगळ्याचं मूळ तिथे आहे. कुपन वेळेत आहे की नाही हे ठरवताना मशीनने नेमका कुठला क्षण बघायचा? बिल उघडलं तो? वस्तू स्कॅन झाली तो? कुपन टाकलं तो? की पैसे चुकते झाले तो? चारही उत्तरं आपापल्या परीने बरोबर आहेत, आणि दुकानात या चार क्षणांत वीस मिनिटांचं अंतर सहज पडतं. आमच्या प्रणालीत मुळात 'पैसे भरतानाची वेळ' लावलेली होती. म्हणून होल्डवरचं बिल परत उघडताच तिने सगळ्या सवलती नव्याने तपासल्या आणि आजींची सूट काढून घेतली. तिच्या हिशेबाने ती चुकली नव्हती.

हा क्षण बदलता येतो, हे मला सात आठवड्यांनी समजलं. सेटिंग कुपनच्या पानावर नाहीच. ते दुकानाच्या सर्वसाधारण सेटिंगमध्ये, 'बिल प्रक्रिया' या विभागात, पावतीच्या कागदाची रुंदी ठरवायच्या खाली आहे. कुपन बनवणाऱ्याने तिथे का जावं? इतकी मोलाची गोष्ट इतक्या आडबाजूला ठेवलेली पाहून मी खरोखर चिडले होते. मदतकक्षाला फोन केला तेव्हा पलीकडच्या मुलीने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि फोन चालू असतानाच ते सेटिंग दाखवलं. बोलणं अत्यंत चांगलं, पण माहिती पत्रकात एका ओळीने तरी असायला हवी होती.

आम्ही आता 'पहिली वस्तू स्कॅन झाल्याची वेळ' ठेवली आहे. 'बिल उघडल्याची वेळ' का नाही, तर चारला पाच मिनिटं असताना रिकामं बिल उघडून ठेवलं आणि ओळखीच्या माणसाला साडेचारला त्यात घेतलं, असं होऊ शकतं. माझ्या काउंटरवरची मुलं तसं करणार नाहीत, पण कुणी शंका घेईल अशी जागाच राहू नये असं मला वाटतं. पहिली वस्तू स्कॅन झाली म्हणजे गिऱ्हाईक समोर उभं आहे. त्या क्षणी कुपन चालू असेल तर ते बिल संपेपर्यंत चालू धरायचं. होल्डवर गेलं तरी.

शिवाय सवलतीची मिनिटं ठेवता येतात, आणि ही सोय मला सगळ्यात जास्त भावली. मुदत संपल्यावर आणखी किती मिनिटं कुपन स्वीकारायचं ते प्रत्येक कुपनला वेगळं सांगता येतं. आम्ही पंधरा ठेवली आहेत. छापील कुपनावर चार लिहिलेलं असेल, तर मशीन सव्वाचारपर्यंत घेतं. रांगेत पाचव्या क्रमांकावर असलेला माणूस आमच्या रांगेमुळे उशिरा पोचतो. त्याचा भुर्दंड त्याने का सोसावा? अहवालात अशी बिलं वेगळ्या खुणेने दिसतात. त्यामुळे त्या पंधरा मिनिटांत किती कुपनं आली ते रोज समजतं, आणि ती वाढायला लागली तर दुसरा काउंटर उघडायचा, असं आम्ही ठरवून घेतलं आहे.

मध्यरात्र ओलांडणाऱ्या वेळांचा आम्हाला फारसा उपयोग नाही, पण एकदा करून पाहिलं. रात्री १० ते २ अशी वेळ तक्त्यात रंगवली तर ती दोन वारांत विभागली जाते, आणि शुक्रवार रात्रीचं कुपन म्हणजे शनिवारचे पहाटेचे दोन तासही, हे मशीनला हाताने सांगावं लागतं. रात्री चालणाऱ्या दुकानांनी हे आधीच तपासावं. वारांचा दुसरा घोळ आमच्या गळ्यात आला तो मात्र पूर्ण दिवस निस्तरत बसावा लागला. एकदम चाळीस कुपनं करायची होती म्हणून स्प्रेडशीट बनवून चढवली. त्यातलं वार काढणारं सूत्र रविवारला १ धरतं, म्हणून बुधवार झाला ४. आमची प्रणाली तारीख-वेळ लिहिण्याच्या आयएसओ ८६०१ या मानकाप्रमाणे सोमवारला १ धरते, म्हणून तिच्या लेखी ४ म्हणजे गुरुवार. सगळी कुपनं एकेक दिवस पुढे सरकली. आकड्यांऐवजी वाराचं नाव लिहिलं तर चालतं, हे चढवण्याच्या नमुना फाइलमध्ये आता लिहिलेलं आहे. तेव्हा नव्हतं.

एका बिलावर दोन सवलती आल्या तर काय, हेही आधी ठरवून ठेवावं लागतं. १,००० चं बिल, एक कुपन १० टक्क्यांचं आणि दुसरं सरळ १०० वजा करणारं. आधी टक्के काढले तर ९००, मग १०० वजा, म्हणजे ८००. आधी १०० वजा केले तर ९००, त्यावर १० टक्के, म्हणजे ८१०. क्रम बदलला की बिल बदललं. गिऱ्हाईक घरी जाऊन आकडेमोड करतं, आणि का करू नये? या प्रणालीत प्रत्येक सवलतीला क्रमांक देता येतो आणि 'दुसऱ्या कुठल्याही सवलतीबरोबर चालणार नाही' अशी खूणही करता येते. आम्ही वेळेच्या कुपनांना तीच खूण करतो. नियम एका वाक्यात सांगता आला पाहिजे, म्हणजे काउंटरवरच्या मुलीला अडखळावं लागत नाही. बाकी, १० ची सूट तीन सारख्या वस्तूंवर वाटली तर प्रत्येकी ३.३३ होते आणि ०.०१ उरतो. तो उरलेला भाग शेवटच्या वस्तूवर टाकला जातो आणि बेरीज चुकत नाही. हे तपासून पाहिलं आणि समाधान वाटलं.

कुपन लावून विकलेली वस्तू परत आली तर? इथे प्रणाली अर्धी चांगली आहे. पावतीवरचा बारकोड स्कॅन केला की मूळ बिल उघडतं, त्या वस्तूच्या वाट्याला किती सूट आली होती ते दिसतं, आणि नेमके भरलेले पैसे परत दिले जातात. कुपनची मुदत संपली असली तरी फरक पडत नाही. परत केल्यामुळे बिल किमान रकमेच्या खाली गेलं तर उरलेल्या वस्तूंवरची सूट ठेवायची की काढायची, हेही आपण ठरवायचं. आम्ही ठेवतो.

पण गिऱ्हाइकाला वस्तू परत करायची नसते, बदलून हवी असते. लाल फाइल नको, निळी द्या. भाव तोच, माल तोच. मशीनला 'बदली' असा व्यवहार माहीत नाही. ते एक परतावा आणि एक नवी विक्री असे दोन व्यवहार करतं. परतावा सवलतीच्या भावाने, आणि नवी विक्री आजच्या भावाने. म्हणजे मंगळवारी दुपारी ३ वाजता कुपनवर घेतलेली लाल फाइल बुधवारी सकाळी ११ वाजता निळ्या फाइलशी बदलायला आलेल्या माणसाकडून मशीन जास्तीचे पैसे मागतं. एका गृहस्थांना मी हे समजावून सांगायचा प्रयत्न केला आणि बोलता बोलता माझं मलाच कळलं, की यात समजावण्यासारखं काही नाही, हे चूकच आहे. त्यांना निळी फाइल तशीच दिली. साठ्यात एक लाल जास्त, एक निळी कमी. मदतकक्षाकडे याची मागणी नोंदवून पाच महिने झाले. 'यादीत आहे' हे उत्तर दोनदा आलं.

एकदाच वापरायच्या कुपनांबद्दल थोडक्यात सांगते. प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळा कोड दिला की तो वापरला गेला की नाही हे सर्व्हरला माहीत असतं. इंटरनेट गेलं की काउंटर एकमेकांना विचारू शकत नाहीत, आणि एकच कोड दोन काउंटरवर चालून जातो. या प्रणालीत इंटरनेट नसताना असे कोड स्वीकारायचे की नाही एवढा एकच पर्याय आहे. आम्ही 'स्वीकारायचे' ठेवलं आहे. क्वचित एखादा कोड दोनदा वापरला गेला तर तेवढं सोसता येतं, दारात आलेल्या गिऱ्हाइकाला खरं कुपन हातात असून परत पाठवणं सोसत नाही.

कोड बनवताना ओ अक्षर आणि शून्य, आय अक्षर आणि एक, यांची गल्लत होते. संगणकतज्ज्ञ डग्लस क्रॉकफर्ड यांच्या बेस-३२ या ३२ चिन्हांत कोड लिहायच्या पद्धतीत आय, एल आणि ओ ही अक्षरं म्हणूनच वगळली आहेत. आमच्या प्रणालीत आपोआप बनणारे कोड ही अक्षरं टाळतात, पण हाताने कोड लिहिला तर ती हटकत नाही. कुपनावर बारकोड छापता येतो आणि तोच छापावा. ईएएन-१३ या तेरा अंकी बारकोडमधला शेवटचा अंक हा तपासणीचा असतो, आधीच्या बारा अंकांत एक जरी चुकला तरी स्कॅनर कोड नाकारतो. हाताने टाकलेल्या शब्दाला असं संरक्षण नाही.

अहवाल तासागणिक निघतो, आणि त्याने माझा एक समज मोडला. दुपारी दोन ते चार दुकान रिकामं असतं म्हणून तर हे कुपन काढलं होतं. अहवालात दोन ते चारची बिलं भरपूर वाढलेली दिसली आणि आम्हाला आनंद झाला. मग भावाने शेजारचे रकाने दाखवले. एक ते दोनची बिलं तेवढीच उतरली होती. माणसं नवी आली नव्हती, पावणेदोनला येणारी माणसं दारात थांबून दोन वाजायची वाट बघत होती. सव्वादोनला रांग आणि तीन वाजता पुन्हा शुकशुकाट. कुपनच्या अहवालात फक्त कुपन लागलेली बिलं येतात, त्यात हे कधीच दिसलं नसतं. दिवसभराच्या बिलांचा तक्ता वेगळा काढून शेजारी ठेवावा लागतो. आम्ही कुपन तीन ते पाच केलं, तेव्हा शाळा सुटल्यावरची, आधी आमच्याकडे न येणारी काही माणसं यायला लागली.

एकच काउंटर आणि रोजची एकच सवलत असेल, तर ही प्रणाली डोळे मिटून घ्यावी असं मी म्हणेन. वरच्या बहुतेक अडचणी तिथे येणारच नाहीत. तीन-चार काउंटर असतील तर घ्यावी, पण वेळेचा विभाग, प्रत्येक काउंटरचं घड्याळ आणि 'बिल प्रक्रिया'मधला तो क्षण पहिल्याच दिवशी तपासून. जिथे इंटरनेट सतत जातं, किंवा वस्तू बदलून देणं हेच रोजचं काम आहे, अशा कपड्यांच्या आणि पादत्राणांच्या दुकानांनी मात्र बदलीचा व्यवहार येईपर्यंत थांबावं.

आमच्या मुख्य काउंटरखाली एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. नवं कुपन चालू व्हायच्या आदल्या दिवशी भाऊ ते चाचणीच्या खात्यात टाकतो आणि त्या चिठ्ठीवरच्या वेळांना एकेक बिल मारून बघतो: २:५९, ३:००, ४:५९, ५:००, ५:१४ आणि ५:१६. शेवटचं बिल ४:५८ ला सुरू करून होल्डवर टाकायचं आणि ५:२० ला उघडायचं. सूट तशीच दिसली, की कुपनं छापायला द्यायची.